पुसट चित्राचे गुण

परीक्षकाने आपली चूक छापून जाहीर करावी असा रिवाज आपल्याकडे नाही. चूक विद्यार्थ्याची असते, परीक्षक ती तांबड्या शाईने दाखवतो, असाच क्रम आपण पाहत आलो आहोत. आज मात्र मी माझी चूक तुमच्यापुढे मांडणार आहे. तुमच्यापैकी पुष्कळजण येत्या हिवाळ्यात विज्ञान प्रदर्शनासाठी काही ना काही तयार कराल, आणि तुमचे शिक्षक त्याला गुण देतील. त्या दोघांनाही ती उपयोगी पडावी.

दोन वर्षांपूर्वी मराठवाड्यातल्या एका शाळेच्या प्रदर्शनाला मी परीक्षक म्हणून गेलो होतो. त्या शाळेत आकाशनिरीक्षणाचे मंडळ आहे. मंडळाजवळ पाच इंची परावर्ती दुर्बीण, ताऱ्यांच्या गतीने ती फिरवणारी मोटर आणि एका माजी विद्यार्थ्याने दिलेला जुना डिजिटल कॅमेरा एवढे साहित्य आहे. त्या साहित्यावर नववीतल्या एका मुलाने आणि एका मुलीने एकाच दीर्घिकेचे छायाचित्र घेतले होते. दीर्घिका होती त्रिकोण तारकासमूहातली एम-३३.

मुलाचे चित्र भिंतीएवढे मोठे. काळ्याभोर पार्श्वभूमीवर सोनेरी गाभा आणि त्यातून निघालेले निळे सर्पिल बाहू. मुलीचे चित्र पोस्टकार्डाएवढे. ओल्या पाटीवरून खडू पुसावा तसा करडा डाग, त्यात बाहूंची जेमतेम शंका येईल एवढी वक्रता. शेजारी एक दोनशे पानी वही. मी त्या वहीची दोन पाने चाळली, मुलाला पहिला क्रमांक दिला आणि मुलीला उत्तेजनार्थ.

माझ्या महाविद्यालयातल्या प्रथम वर्षाच्या मुलांना दाखवावीत म्हणून मी दोन्ही चित्रे व ती वही चार दिवसांसाठी मागून आणली. घरी छत्रपती संभाजीनगरला आल्यावर, रात्री जेवण झाल्यावर, ती दोन्ही चित्रे मोठ्या वेधशाळेने घेतलेल्या चित्राशेजारी ठेवली. आणि माझ्या ध्यानात आले की मी पहिला क्रमांक चुकीच्या चित्राला दिला आहे.

ते का, हे सांगण्यापूर्वी ही दीर्घिका टिपणे इतके अवघड का, ते पाहू.

उत्तरा भाद्रपदा नक्षत्रातल्या ठळक ताऱ्यापासून ईशान्येकडे देवयानी समूहातले तारे ओळीने मोजत गेलात, की दुसरा ठळक तारा मिराक. त्याच्या एका बाजूला देवयानी दीर्घिका, आणि जवळजवळ तेवढ्याच अंतरावर विरुद्ध बाजूला एम-३३. मराठवाड्याचा अक्षांश सुमारे २० अंश असल्याने ती आपल्या डोक्यावरून, खस्वस्तिकापासून फक्त अकरा अंश उत्तरेने जाते. डिसेंबरच्या मध्यास रात्री साडेआठच्या सुमारास ती सर्वांत उंच असते. युरोपातल्या पुष्कळ निरीक्षकांनी हेवा करावा अशी ही जागा आहे.

पुस्तकात तिची प्रत ५.७ दिलेली असते. सहाव्या प्रतीपर्यंतचे तारे साध्या डोळ्यांना दिसतात, मग ही सहज दिसायला हवी, असे तुम्ही म्हणाल. पण ताऱ्याचा प्रकाश एका बिंदूत एकवटलेला असतो. या दीर्घिकेचा तेवढाच प्रकाश पौर्णिमेच्या सुमारे तीन चंद्रबिंबांएवढ्या जागेत पसरलेला आहे. चमचाभर तूप एका घासावर घातले तर चव कळते. तेच मोठ्या पातेलेभर भातात कालवले तर तूप घातले होते की नाही, यावरच वाद होईल. दीर्घिकेचेही तसेच. एकूण प्रकाश पुरेसा, पण प्रत्येक ठिकाणी अगदी थोडा.

त्यात शहराचे आकाश. सिडकोतल्या माझ्या गच्चीवरून एका बाजूला चिकलठाणा आणि दुसऱ्या बाजूला वाळूज, दोन्हीकडे क्षितिजावर उजेडाची साय धरलेली असते. दहा-बारा वर्षांपूर्वी ती पिवळसर होती. रस्त्यांवर एलईडी दिवे आल्यापासून पांढुरकी झाली. अशा आकाशाची स्वतःची चमक एम-३३च्या सरासरी चमकेच्या सुमारे शंभर पट भरते.

आता थोडे गणित करू. कॅमेऱ्याच्या पडद्यावर लाखो बारीक चौकटी असतात, त्यांना पिक्सेल म्हणतात. समजा, एका चित्रात एका पिक्सेलवर आकाशाचे १०,००० प्रकाशकण पडले आणि दीर्घिकेचे १००. आकाशाचे दहा हजार वजा केले की उरलेले शंभर दीर्घिकेचे, इतके हे सोपे आहे का? नाही. भुरभुर पावसात अंगणात एकसारख्या वाट्या मांडून ठेवा आणि मिनिटभराने थेंब मोजा. सरासरी १०० थेंब पडले असतील, तर कोठे ९१ सापडतील, कोठे १०८. हा चढउतार सरासरीच्या वर्गमुळाएवढा, म्हणजे सुमारे १० असतो. प्रकाशही कणाकणाने येतो, म्हणून तोच नियम येथे लागतो. दहा हजारांचे वर्गमूळ १००. म्हणजे आकाशाचा नुसता चढउतारच दीर्घिकेच्या प्रकाशाइतका! एका चित्रात दीर्घिका दिसली काय आणि न दिसली काय, सारखेच.

मग उपाय काय? अशी १०० चित्रे घ्या आणि ताऱ्यांवर तारे ठेवून त्यांची बेरीज करा. दीर्घिकेचे कण १०० गुणिले १००, म्हणजे १०,००० झाले. आकाशाचे दहा लाख झाले, पण त्यांचा चढउतार दहा लाखांच्या वर्गमुळाएवढा, म्हणजे १,००० राहिला. आता दीर्घिका चढउताराच्या दसपट आहे. ती दिसणार. चित्रे शंभर पट केली तेव्हा खात्री दसपट वाढली. फुकट काही मिळाले नाही, पण मिळाले ते खरे आहे.

हेच गणित दाट काळोखात करून पाहा. समजा, तेथे आकाशाचे ४०० कण आणि दीर्घिकेचे तेच १००. चढउतार ५०० च्या वर्गमुळाएवढा, म्हणजे २२. दीर्घिका एकाच चित्रात साडेचार पट वर. गच्चीवर तेवढ्या खात्रीसाठी वीस चित्रे लागतील. म्हणून आम्ही म्हैसमाळच्या माथ्यावर दुर्बीण घेऊन जातो. काळोख हेही एक उपकरण आहे, आणि ते कोणत्याही दुकानात मिळत नाही. महाराष्ट्रातल्या पेंच व्याघ्र प्रकल्पाला जानेवारी २०२४ मध्ये ‘डार्क स्काय पार्क’ हा आंतरराष्ट्रीय दर्जा मिळाला, भारतात पहिल्यांदाच. त्यासाठी आसपासच्या गावांतले दिवे बंद करावे लागले नाहीत. त्यांचा उजेड वर न जाता खाली जमिनीवर पडेल असे दिवे बसवले गेले.

आता त्या दोन चित्रांकडे वळू.

मुलाच्या चित्रातले बाहू ठसठशीत होते, पण वेधशाळेच्या चित्रातल्या बाहूंशी त्यांचा मेळ बसेना. बाहूंवरच्या गाठी भलत्याच ठिकाणी होत्या, आणि जेथे असायला हव्यात तेथे गुळगुळीत निळा रंग. मी मुलाला फोन करून विचारले. त्याने काहीही न लपवता सांगितले, “सर, मी बारा चित्रे घेतली होती, त्यात काहीच नीट दिसत नव्हते. मग मोबाइलवरच्या एका प्रोग्रॅममधून ते स्वच्छ करून घेतले.” त्या प्रोग्रॅमने स्वच्छ केले नव्हते. हजारो सर्पिल दीर्घिकांची चित्रे पाहून ‘अशा डागाला साधारण असे बाहू असतात’ हे तो शिकला होता, आणि ते त्याने रंगवून दिले होते. मुलाने फसवले नव्हते. मी विचारले असते तर त्याने प्रदर्शनातही हेच सांगितले असते. मी विचारले नाही.

चंद्राच्या बाबतीतही हे झालेले आहे. २०२३ साली एका माणसाने चंद्राचे मुद्दाम पुसट केलेले चित्र संगणकाच्या पडद्यावर लावले आणि अंधाऱ्या खोलीत आपल्या फोनने त्याचा फोटो काढला. पडद्यावर जो तपशील नव्हताच, तो फोनने फोटोत भरून दिला. फोटो सुंदर आला. पण तो त्या पडद्याचा नव्हता, चंद्राविषयी फोनला जे शिकवले होते त्याचा होता.

आणि मुलीची वही? ती मी आता पहिल्या पानापासून वाचली. तीन रात्री, प्रत्येकी तीस सेकंदांची एकशे ऐंशी चित्रे, म्हणजे एकूण दीड तासांचा प्रकाश. कोणती चित्रे टाकून दिली आणि का, याची यादी: ‘विमान गेले’, ‘वाऱ्याने नळी हलली’, ‘शेजारच्या काकांनी ओट्यावरचा दिवा लावला’. दुर्बिणीला झाकण लावून घेतलेली काळी चित्रे किती, तीही नोंद. कॅमेऱ्याचा स्वतःचा दोष त्यांवरून कळतो आणि वजा करता येतो. चौदाव्या पानावर पुढील मजकूर होता:

‘केंद्राच्या वर डावीकडे एक ठिपका आहे. धूळ असेल असे वाटले. म्हणून तिसऱ्या रात्री कॅमेरा थोडा फिरवून बसवला. धूळ असती तर ठिपका कॅमेऱ्याबरोबर फिरला असता. तो फिरला नाही, ताऱ्यांबरोबर राहिला. म्हणून तो आकाशातला आहे. काय आहे ते मला माहीत नाही.’

मित्रहो, तो ठिपका म्हणजे एनजीसी-६०४. नवे तारे जन्मास येत आहेत असा वायूचा प्रचंड मेघ, सुमारे दीड हजार प्रकाशवर्षे रुंद. विल्यम हर्षलने १७८४ साली त्याची नोंद केली होती. सुमारे २७ लाख प्रकाशवर्षांवरच्या दीर्घिकेतला एक मेघ एका नववीतल्या मुलीने पाच इंची दुर्बिणीतून टिपला होता. एवढेच नव्हे, तर तो खरा आहे हे स्वतःच्या प्रयोगाने सिद्ध केले होते, आणि जे ठाऊक नाही ते ‘माहीत नाही’ असे लिहिले होते. मुलाच्या भिंतीएवढ्या चित्रात तो मेघ नव्हता. प्रोग्रॅमला तो डाग वाटला असावा, त्याने तो पुसून टाकला होता.

मी उत्तेजनार्थ गुण दिले ते या वहीला!

येथे कोणी म्हणेल, मोठ्या वेधशाळासुद्धा चित्रांवर संस्कार करतातच. हबल दुर्बिणीच्या चित्रांतले रंग नंतरच भरलेले असतात. मग या मुलाचेच काय चुकले? हा आक्षेप रास्त आहे. संस्कार करण्यात चूक नाही. बेरीज, वजाबाकी, अंधुक भाग उजळणे हेही संस्कारच आहेत, आणि ते त्या मुलीनेही केले होते. पण दोन्हींत फरक आहे. अंधुक भाग उजळताना सगळ्या चित्राला एकच नियम लावला जातो, तो लिहून ठेवता येतो, आणि मूळ चित्रे घेऊन दुसरा कोणीही तीच क्रिया करून पाहू शकतो. रंगवून देणारा प्रोग्रॅम तुमच्या चित्रात दुसऱ्यांच्या चित्रांतले काहीतरी मिसळतो. किती मिसळले, ते तुम्हालाही सांगता येत नाही. आकाशाचे काय आणि आपले काय, हे ज्या चित्रात वेगळे करता येत नाही, ते सजावटीला चालेल. पुरावा म्हणून चालणार नाही.

पुरावा जपला म्हणजे काय होते, याचे एक जुने उदाहरण आहे. अमेरिकेतल्या माउंट विल्सन वेधशाळेत आद्रियान व्हान मानेन हा काळजीपूर्वक काम करणारा ज्योतिर्विद होता. काही वर्षांच्या अंतराने घेतलेल्या काचेच्या प्लेटा शेजारी ठेवून त्याने सर्पिल दीर्घिकांच्या बाहूंची गती मोजली. १९१६ साली त्याने एम-१०१ची मोजमापे प्रसिद्ध केली आणि पुढे एम-३३चीही केली. त्याच्या हिशेबाने एम-१०१ एका लाख वर्षांच्या आतच स्वतःभोवती फिरत होती. आता तुम्हीच गणित करा. ती आपल्या आकाशगंगेसारखी मोठी, समजा ३०,००० प्रकाशवर्षे त्रिज्येची असेल, तर तिचा परीघ सुमारे १,८८,००० प्रकाशवर्षे. तेवढे अंतर लाख वर्षांत तोडायचे, तर वेग प्रकाशाच्या जवळजवळ दुप्पट हवा! हे अशक्य. म्हणून सर्पिल दीर्घिका लहान आणि जवळच असल्या पाहिजेत, असा युक्तिवाद हार्लो शॅप्लीने १९२० सालच्या वॉशिंग्टनमधील प्रसिद्ध चर्चेत केला.

पण १९२३ साली एडविन हबलला देवयानी दीर्घिकेत सेफीड जातीचा रूपविकारी तारा सापडला. त्यावरून दीर्घिका फार दूर असल्याचे ठरले. मग व्हान मानेनची गती कोठली? १९३५ साली हबलने मूळ प्लेटा पुन्हा मोजल्या. ती गती त्यांत सापडली नाही. व्हान मानेन जे मोजू पाहत होता, ते त्याच्या उपकरणाच्या ताकदीपलीकडचे होते. एम-३३चे फिरणे खरोखर मोजले गेले ते २००५ साली, रेडिओ दुर्बिणींच्या जाळ्याने. ते व्हान मानेनच्या आकड्याहून शेकडो पटींनी कमी निघाले.

यात लक्षात ठेवण्याजोगे काय? व्हान मानेन चुकला, याचे नवल नाही. चांगले शास्त्रज्ञही चुकतात. पण मूळ प्लेटा कोणी रंगवल्या नव्हत्या, खरवडल्या नव्हत्या, फेकून दिल्या नव्हत्या. म्हणून दुसऱ्याला चूक शोधता आली. व्हान मानेनने आपल्या समजुतीप्रमाणे प्लेटांवर बाहू गिरवून ठेवले असते, तर हबलने काय मोजले असते?

जे चुकीच्या बाबतीत खरे, तेच शोधाच्या बाबतीतही. नोव्हेंबर २०२५ मध्ये पुण्याच्या राष्ट्रीय रेडिओ खगोलभौतिकी केंद्रातल्या राशी जैन आणि योगेश वाडदेकर या संशोधकांनी एका अतिदूरच्या सर्पिल दीर्घिकेचा शोध जाहीर केला. तिचे नाव त्यांनी ‘अलकनंदा’ ठेवले. तिचा प्रकाश आपल्याकडे यायला सुमारे बारा अब्ज वर्षे लागली. विश्व अवघे दीड अब्ज वर्षांचे असताना ती इतकी सुघड होती, हेच आश्चर्य. जेम्स वेब दुर्बिणीच्या ज्या निरीक्षणांत ती सापडली, ती कोणीही अभ्यासावीत म्हणून खुली ठेवलेली होती, आणि तिचा प्रकाश एकवीसपर्यंत वेगवेगळ्या गाळण्यांतून मोजलेला होता. ‘इतक्या लहान वयाच्या विश्वात असे बाहू नसतात’ असे शिकवलेला एखादा प्रोग्रॅम आधीच त्या निरीक्षणांवरून फिरला असता, तर त्याने अलकनंदेचे बाहू अनावश्यक चढउतार म्हणून पुसले असते. ठाऊक असलेलेच पुन्हा रंगवणाऱ्या साधनाने नवे काही सापडत नाही. नवे सापडते ते ठाऊक असलेल्याशी न जुळणाऱ्या ठिपक्यात.

म्हणून शिक्षकबंधूंना व भगिनींना माझी विनंती आहे. प्रदर्शनात आकाशाचे छायाचित्र आले, तर त्याच्या झळाळीला गुण देऊ नका. तीन गोष्टी मागा. पहिली, न सुधारलेले एक मूळ चित्र, शेवटच्या चित्राशेजारी चिकटवलेले. दुसरी, नोंदवही, आणि तीत टाकून दिलेल्या चित्रांची कारणे. तिसरी, ‘मला काय दिसले नाही आणि काय समजले नाही’ यावर विद्यार्थ्याने लिहिलेल्या चार ओळी. निम्मे गुण या तिसऱ्या गोष्टीला दिलेत तरी मला ते जास्त वाटणार नाहीत. आपण झगमगाटाला बक्षीस देत राहिलो, तर मुले झगमगाटच आणतील. तो आता एका बोटाच्या स्पर्शाने मिळतो, त्यासाठी थंडीत तीन रात्री कोण जागेल?

आणि विद्यार्थी मित्रहो, दुर्बीण नाही म्हणून थांबू नका. साधा कॅमेरा तिपाईवर बसवून दहा-दहा सेकंदांची पन्नास चित्रे घ्या, आणि देवयानी दीर्घिकेचा धुरकट ठिपका एका चित्रात किती दिसतो व पन्नासांच्या बेरजेत किती, हे स्वतः ताडून पाहा. कार्तिक-मार्गशीर्षात आपले आकाश पावसाने धुतलेले असते. अमावस्येच्या आसपासची रात्र निवडा. दिवाळीची अमावस्या मात्र टाळा, त्या रात्री धूरच टिपला जाईल. गच्चीवरचा दिवा बंद करा, शेजाऱ्यांनाही विनंती करा. एकदा दुर्बिणीतून पाहायला बोलावलेत, तर ते पुढच्या वेळी आपण होऊन दिवा मालवतील, हा माझा अनुभव आहे.

त्या शाळेचा निकाल बदलता आला नाही. प्रमाणपत्रे वाटून झाली होती. मी दोन्ही विद्यार्थ्यांना पत्रे लिहिली. मुलाला लिहिले, ‘तुझी मूळ बारा चित्रे जपून ठेव, आणि आणखी दीडशे घे.’ मुलीची वही परत करताना चौदाव्या पानावर, तिच्या ‘माहीत नाही’च्या खाली, पेन्सिलीने त्या मेघाचे नाव आणि हर्षलचे साल लिहिले. पेन्सिलीने अशासाठी, की तिने ते स्वतः पडताळून पाहावे आणि चुकीचे आढळल्यास खोडावे.

महिन्याभराने तिचे उत्तर आले. तिने एनजीसी-६०४ची जागा नकाशावरून मोजून पाहिली होती आणि माझे म्हणणे बरोबर निघाले होते. पत्राच्या शेवटी एक ओळ होती: ‘सर, खालच्या बाजूलाही एक फिकट ठिपका आहे. तो नाव न सांगता आधी मलाच शोधू द्या.’